हेगमधला वहिवाटीचा दावा आणि आपला सोयीचा इतिहास

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२ ऑगस्टचा दादरा-नगर हवेली मुक्तिदिन आणि १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन आला की एक वाक्य वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर हमखास फिरते : 'हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगालचा दावा फेटाळला आणि दादरा-नगर हवेली भारताची ठरवली.' याच मजकुरात दोन परिच्छेद खाली बहुधा दुसरेही वाक्य असते : 'आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे बड्या राष्ट्रांच्या हातचे खेळणे.' पहिले वाक्य चुकीचे आहे आणि दुसरे अर्धवट. १२ एप्रिल १९६० चा निकाल मुळातून वाचला तर कायद्याने आपल्याला काय दिले, काय दिले नाही आणि उरलेले आपण कशाच्या जोरावर मिळवले हे स्पष्ट दिसते. ते जसे घडले तसे सांगण्यात कमीपणा नाही.

हेगमध्ये दादरा-नगर हवेली कोणाची हा प्रश्न नव्हताच. प्रश्न वाटेचा होता. दमण समुद्रकाठी. दादरा आणि नगर हवेली हे दोन तुकडे आत, चहूबाजूंनी भारतीय हद्दीने वेढलेले. दमणहून तिथे जायचे तर भारतातून जावे लागे. आपल्याकडे बांधावरच्या वाटेसाठी मामलेदार कोर्टात जसा दावा लागतो, तसाच हा दावा होता. एका बाजूला पोर्तुगाल, दुसऱ्या बाजूला भारत, एवढाच फरक. २१ जुलै १९५४ च्या रात्री स्वयंसेवकांनी दादरा घेतले, २ ऑगस्टला नगर हवेलीचे मुख्य गाव सिल्वासा. त्याच सुमारास भारताने दमणहून येणारी वाट बंद केली. आपल्या अधिकाऱ्यांना आत जाऊ द्या, अशी मागणी पोर्तुगालने केली आणि भारताने ती नाकारली. या नकाराबद्दल पोर्तुगाल हेगला गेला.

गेला कसा, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयात कोणत्याही देशाला त्याच्या मर्जीविरुद्ध खेचता येत नाही. आधी स्वतः घोषणापत्र देऊन न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते, आणि समोरच्या देशानेही ते मान्य केलेले असावे लागते. भारताचे तेव्हाचे घोषणापत्र इंग्रजी अमलातले, २८ फेब्रुवारी १९४० चे. पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला १४ डिसेंबर १९५५ ला. १९ डिसेंबरला त्याने घोषणापत्र दिले आणि तिसऱ्या दिवशी, २२ डिसेंबरला, भारताविरुद्ध अर्ज दाखल केला. पोर्तुगालच्या घोषणापत्राची प्रत भारत सरकारच्या हाती पोहोचण्याआधीच दावा उभा राहिला होता. भारताने जानेवारी १९५६ मध्ये जुने घोषणापत्र मागे घेऊन नवे दिले, पण उपयोग झाला नाही. अर्ज दाखल होताना जे घोषणापत्र अमलात होते तेच लागू झाले.

भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. घाईने केलेला हा दावा म्हणजे न्यायालयीन प्रक्रियेचा गैरवापर आहे, हा त्यांचा एक सूर होता. २६ नोव्हेंबर १९५७ ला न्यायालयाने चार हरकती फेटाळल्या आणि दोन मूळ सुनावणीला जोडल्या. न्यायालयाचे म्हणणे असे की घोषणापत्र संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे जमा होताच ते लागू होते, आणि ज्याने आधी घोषणापत्र देऊन ठेवले आहे त्याच्यावर त्याच दिवशीही दावा होऊ शकतो. म्हणजे दार उघडे ठेवून निजलात तर चोर आला म्हणून तक्रार चालणार नाही. हा धडा भारताने नीट गिरवला. तो कुठे लिहून ठेवला ते पुढे येईल.

आता मूळ सुनावणी. मराठी वाचकाला तिच्यात विशेष रस असावा, कारण हेगमध्ये वाद झाला तो पेशवाईच्या भाषेवर. पोर्तुगाल म्हणे, १७७९ च्या पुण्याच्या तहाने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी मराठ्यांनी ही गावे आम्हाला सार्वभौमत्वासह दिली. पहिले इंग्रज-मराठे युद्ध चालू होते आणि पुणे दरबाराला फिरंग्यांची दोस्ती हवी होती. त्या दोस्तीखातर हे दान झाले. तहाच्या सतराव्या कलमाचे मराठी आणि पोर्तुगीज पाठ न्यायालयापुढे आले. भारताचे म्हणणे दोन पायऱ्यांचे होते. पहिली, हा तह वैध रीतीने झालाच नाही. दुसरी, झाला असला तरी गावे दिली ती सरंजाम म्हणून.

पहिली पायरी कोसळली. मराठ्यांनी स्वतः या तहाच्या बंधनकारकतेवर कधीच शंका घेतली नव्हती, हे न्यायालयाने दाखवून दिले. आपल्या वकिलांनी ती भूमिका का घेतली असावी हे समजते, पण ती ताणलेली होती. दुसरी पायरी मात्र भक्कम निघाली. सरंजाम म्हणजे वसूल खाण्याचा हक्क. मुलूख सरकारचाच राहतो. मराठ्यांना जिथे खरोखर मुलूख तोडून द्यायचा असे तिथे त्यांच्या तहांत 'कायमचे', 'सार्वभौमत्वासह' अशा अर्थाचे शब्द येतात. या सनदांत ते नाहीत. सनदांत आहे तो वर्षाला १२,००० रुपये वसुलाचा जहागीर किंवा सरंजाम. अशा देणगीचा अर्थ प्रदेश देऊन टाकणे असा लावल्याचे एकही उदाहरण कोणी समोर आणले नाही, अशी नोंद न्यायालयाने केली. पुण्याच्या दफ्तरातल्या कारकुनाने कोणता शब्द वापरला आणि कोणता वापरला नाही, याला पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये किंमत आली.

इथे आपले लेख थांबतात, आणि चूक इथेच होते. निकालाचे पुढचे पान असे आहे : १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा गावांवर पोर्तुगीजांचा ताबा होता आणि कारभारही त्यांचाच होता. इंग्रजांनी तो गुमान मान्य केला. पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारातून त्यांनी स्वीकारले आणि पुढे स्वतंत्र भारतानेही मूकपणे तसेच चालू दिले. म्हणून ही गावे भारतीय हद्दीतले पोर्तुगीज प्रदेश ठरली. म्हणजे न्यायालयाने मराठ्यांच्या बाजूने अर्थ लावला, पण निष्कर्ष पोर्तुगालच्या बाजूने काढला. सरंजामाचा अर्थ जिंकूनही पुढच्या १३६ वर्षांच्या वहिवाटीने तो निष्प्रभ केला.

वहिवाटीचा पुरावा मात्र दुधारी असतो. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल सव्वाशेहून अधिक वर्षे बिनदिक्कत जात-येत होता. जकातीचे आणि सुरक्षिततेचे नियम पाळले की झाले. तेव्हा तेवढा वाटेचा हक्क पोर्तुगालला होता, असे न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. सशस्त्र फौज, हत्यारबंद पोलीस आणि दारूगोळा यांची गोष्ट निराळी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात एकमेकांच्या सैन्याने औपचारिक विनंतीशिवाय हद्दीत येऊ नये असे कलम होते. १८९० मध्ये मुंबई सरकारने तक्रार केली की पोर्तुगीजांचे हत्यारबंद लोक सुरत जिल्ह्याच्या पारडी तालुक्यातून विनापरवाना जातात. त्यावर गोव्याहून उत्तर आले, की आमचे सैन्य पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही. शेजाऱ्याची समजूत घालायला लिहिलेले ते पत्र सत्तर वर्षांनी पोर्तुगालच्याच अंगावर उलटले. जिथे दरवेळी परवानगी मागावी लागते तिथे हक्क नसतो, सवलत असते, असे न्यायालय म्हणाले. १९४० च्या व्यवस्थेत तर आकडाच होता. दहापर्यंत हत्यारबंद पोलीस गेले तर नंतर चोवीस तासांत कळवायचे. दहाहून जास्त असतील तर आधी संमती घ्यायची. सैन्याला वाट नाही, हे ठरले ८ विरुद्ध ७ मतांनी. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर निकाल फिरला असता.

उरला शेवटचा प्रश्न. जुलै १९५४ मध्ये मुलकी अधिकाऱ्यांनाही अडवून भारताने त्या हक्काचा भंग केला का? उत्तर आले, नाही, ९ विरुद्ध ६. कारण हक्क होता, पण भारताच्या नियमन-नियंत्रणाखालचा. दादरा पडलेले, आसपास तणाव. अशा वेळी वाट बंद करणे हा नियंत्रणाचाच भाग होता. हक्क मान्य, पण भंग नाही. पोर्तुगालला तत्त्व मिळाले, आपल्याला फळ. १९५४ नंतर तो मुलूख कोणाचा, यावर न्यायालय एक अक्षर बोलले नाही. ते त्याला विचारलेलेच नव्हते.

या निकालामागे महाराष्ट्राची दोन माणसे होती. भारताची बाजू लढवणारे मोतीलाल सेटलवाड आणि भारताच्या वतीने तदर्थ, म्हणजे त्या दाव्यापुरते, न्यायाधीश म्हणून बसलेले महमदअली करीम छागला, दोघेही मुंबई हायकोर्टातून पुढे आलेले. छागलांनी मुलकी वाटेच्या मुद्द्यावर बहुमताशी असहमती नोंदवली आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी जोडून पाहत नाही. १९५४ ते १९६१, सात वर्षे, मुक्त दादरा-नगर हवेली भारतात विलीन झालीच नाही. तिथे वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. विलीनीकरणासाठी घटनेची दहावी दुरुस्ती झाली आणि ती ११ ऑगस्ट १९६१ पासून लागू झाली. करारावर सही करायला कोणीतरी प्रमुख हवा, म्हणून प्रशासक बदलानी यांना त्या दिवसापुरते पंतप्रधान केले गेले. गंमत वाटते खरी. पण हेगचा दावा चालू असताना भारताने प्रदेश जोडून घेतला असता तर 'आम्ही केवळ वाट बंद केली, राज्य उलथवले ते तिथल्या लोकांनी' ही भूमिका उभी राहिली असती का? निकालानंतर सोळा महिन्यांनी विलीनीकरण झाले. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. यालाच राष्ट्रहिताची कायद्याशी सांगड घालणे म्हणतात आणि ते कौशल्याने केले गेले.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिला दादरा-नगर हवेलीचे वेष्टन घालू नये. १७-१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सेना गोव्यात शिरली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले कलम २(४) बळाचा वापर मना करते आणि कलम ५१ स्वसंरक्षणाची मुभा देते. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी मांडणी केली की गोवा हा भारताचाच तुकडा असल्याने तिथे आक्रमण होऊच शकत नाही, आणि वसाहतवादाचा शेवट ही आमची श्रद्धा आहे, मग सनद असो वा नसो. पाठीशी १४ डिसेंबर १९६० चा वसाहतमुक्तीचा ठराव क्रमांक १५१४ होता आणि दुसऱ्या दिवशीचा १५४२ वा, ज्यात पोर्तुगालच्या वसाहतींच्या यादीत गोव्याचा उल्लेख आहे. नैतिक बाजू भक्कम होती. कायद्याच्या अंगाने मात्र त्या दिवशीचे संख्याबळ पाहा : युद्धबंदी करा आणि सैन्य मागे घ्या, हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांचा ठराव ७ विरुद्ध ४ मतांनी बहुमतात होता. विरोधात सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे तेव्हाचे इजिप्त. तेव्हाच्या अकरा जणांच्या परिषदेत ठराव मंजूर व्हायला सात मते पुरत. ठराव पडला तो फक्त सोव्हिएत नकाराधिकारामुळे. याच नकाराधिकाराला आपण इतर वेळी अन्यायकारक म्हणतो.

दुसऱ्या बाजूलाही हाच हिशेब होता. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य. पण नाटो कराराचे सहावे कलम संरक्षणाची हद्द उत्तर अटलांटिक विभागापुरती आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेच्या बेटांपुरती आखते. गोवा त्यात बसत नाही. ब्रिटनशी पोर्तुगालची मैत्री १३७३ पासूनची. त्याच तहाचा दाखला देऊन चर्चिल यांनी १९४३ मध्ये अझोर्स बेटांवर तळ मिळवला होता. १९६१ मध्ये पोर्तुगालने तोच तह ब्रिटनपुढे धरला तेव्हा कॉमनवेल्थच्या सदस्याविरुद्ध लढायला ब्रिटन तयार नव्हता. अमेरिकेला अझोर्सचा तळ हवा होता, म्हणून परिषदेत पोर्तुगालच्या बाजूने भाषण झाले. गोव्यासाठी एकही जहाज मात्र हलले नाही. सहाशे वर्षांच्या तहाचे वजन किती, हे पणजीत कळले.

शेवटी कायद्याची गाठ सुटली ती ३१ डिसेंबर १९७४ ला. लिस्बनमधली हुकूमशाही त्या वर्षी २५ एप्रिलला कोसळली होती आणि नव्या सरकारने भारताशी तह केला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व, हे प्रदेश भारतीय घटनेनुसार भारताचा भाग झाले त्या तारखांपासून, पोर्तुगालने मान्य केले. मागील तारखेपासून मान्यता, म्हणजे मधल्या तेरा वर्षांचा खड्डा बुजवला गेला. आपला हक्क कागदावर पक्का करणारा दस्त हाच, हेगचा निकाल नव्हे.

आता दार उघडे ठेवण्याच्या धड्याकडे येतो. १८ सप्टेंबर १९७४ च्या भारताच्या घोषणापत्रात अपवादांची लांब यादी होती (सप्टेंबर २०१९ मध्ये त्याची जागा नव्या घोषणापत्राने घेतली). तिच्यात एक कलम असे : समोरच्या देशाने केवळ त्या वादापुरते अधिकारक्षेत्र मान्य केले असेल, किंवा त्याचे घोषणापत्र अर्जाच्या आधी बारा महिन्यांच्या आत दाखल झाले असेल, तर भारतावर दावा चालणार नाही. पोर्तुगालच्या तीन दिवसांना दिलेले हे बारा महिन्यांचे उत्तर होते. कॉमनवेल्थचे आजी-माजी सदस्य असलेल्या देशांशी झालेले वादही वगळले होते. त्याचा उपयोग झाला तो १० ऑगस्ट १९९९ ला कच्छजवळ पाकिस्तानचे अटलांटिक जातीचे विमान पाडल्यानंतर. पाकिस्तान हेगला गेला. हा अपवाद कालबाह्य झाला आहे असे त्याने मांडले. २१ जून २००० ला न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी अधिकारक्षेत्र नाकारले. विमान कोणाच्या हद्दीत पडले, हा प्रश्न उघडलाच नाही.

सतरा वर्षांनी भारत स्वतः त्याच न्यायालयाच्या पायरीवर उभा होता. पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी कॉमनवेल्थचा अपवाद आडवा येऊ नये म्हणून घोषणापत्राची वाट टाळली आणि वाणिज्यदूतविषयक व्हिएन्ना कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलची वाट धरली. तिथे दोन्ही देशांची संमती आधीपासून होती. ८ मे २०१७ ला अर्ज, १८ मे ला फाशीला तात्पुरती स्थगिती, १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी निकाल. पण या वाटेने फक्त कलम ३६ चा भंग, म्हणजे जाधवांना वकिलातीशी संपर्क न दिल्याचा मुद्दा, मांडता येत होता. शिक्षा रद्द करून सुटका करा, ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढेच सांगितले. 'हेगने जाधवांना सोडायला सांगितले' असे आजही लोक म्हणतात, ते म्हणूनच खरे नाही. अरुंद दारातून आत गेले की तेवढेच सामान नेता येते.

हीच वाट अमेरिकेने १९७९ मध्ये तेहरानच्या वकिलातीतल्या ओलिसांसाठी वापरली. पुढे मेक्सिकोने तिच्याच आधारे अमेरिकेवर दावा करून २००४ मध्ये निकाल मिळवला. मार्च २००५ मध्ये अमेरिका त्या प्रोटोकॉलमधून बाहेर पडली. निकाराग्वाने १९८६ मध्ये अमेरिकेविरुद्ध जिंकलेला निकाल अमलात आणण्याचा ठराव तर सुरक्षा परिषदेत अमेरिकेनेच नकाराधिकाराने पाडला. न्यायालयाच्या निकालाची बजावणी सनदेच्या ९४ व्या कलमाप्रमाणे परिषदेकडे असते, आणि परिषदेत हरलेला पक्ष स्वतःच बसलेला असू शकतो. बजावणीसाठी बेलिफ नाही, जप्ती नाही.

सध्या चर्चेत असलेला सिंधू पाणीवाटप करारही याच नजरेने वाचावा. १९ सप्टेंबर १९६० च्या या करारात एकतर्फी बाहेर पडण्याचे कलम नाही. बाराव्या कलमाप्रमाणे दोन्ही सरकारांनी तसा नवा करार केला तरच तो संपतो. २३ एप्रिल २०२५ ला भारताने तो 'स्थगित' ठेवत असल्याचे जाहीर केले. स्थगितीचा हा प्रकार करारात नाही. तहांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारावर भारताची सही नाही, पण त्यातली बरीच तत्त्वे रूढ कायदा म्हणून समोर मांडली जातात. भूमिका योग्य की अयोग्य हा राजकारणाचा विषय. मला काळजी आहे ती कागदांची. आज कोणत्या पत्रात कोणता शब्द लिहिला जातो, हे १८९० च्या त्या पोर्तुगीज पत्रासारखे कधी कोणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या २ ऑगस्टला 'हेगने हक्क मान्य केला' असे छापायचे झाल्यास तो हक्क कोणाचा, कोणासाठीचा आणि कोणत्या सालापर्यंतचा, हे तीन तपशील सोबत द्यावेत. आणि १९ डिसेंबरच्या अंकात ७ विरुद्ध ४ हा आकडा वगळू नये.

आपला,
आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक अभ्यासक, पुणे